उपद्रवशून्य नकार: एक शास्त्रोक्त विवेचन

‘ज्या नकाराने कोणाचंही काही अडत नाही, तो उपद्रवशून्य नकार होय.’ हे या शास्त्राचं पहिलं सूत्र. दुसरं त्याला लागूनच येतं: ‘नकार जितका निरुपद्रवी, तितका तो देणाऱ्याचा चेहरा गंभीर.’ दुसऱ्या सूत्राला अपवाद आहेत, ते यथास्थळी येतील. पहिल्याला नाहीत, कारण ती व्याख्या आहे, आणि आपल्या व्याख्येला अपवाद निघणार नाही एवढी काळजी कोणताही शास्त्रकार घेतोच.

विषय क्षुल्लक आहे, हे आम्ही जाणतो. लोकप्रतिनिधी काय बोलतात, काय खातात, कोणाच्या शेजारी उभं राहून फोटो काढतात, यावर रोज रकाने भरतात. पण एखादा मवाळ सदस्य स्वपक्षाविरुद्ध मत देतो, दुसऱ्या दिवशी ‘बाणेदार’ म्हणून त्याचा मथळा होतो आणि ते विधेयक मात्र ठरल्यासारखं मंजूर झालेलं असतं, या चमत्काराचं मोजमाप कोणी घेतलेलं नाही. ते घेण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

अभ्यासासाठी आम्ही अमेरिकेची सिनेट निवडली. तिथे प्रत्येकाचं नाव पुकारून मत घेतात, ते कायमचं नोंदवतात, आणि पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून कोणाची खुर्ची जात नाही. आपल्याकडे १९८५ पासून घटनेला दहावं परिशिष्ट आहे. पक्षादेश मोडला की सदस्यत्वावरच गदा. त्यामुळे आपल्या बाणेदारांना एकेकट्याने नकार देणं परवडत नाही. तो घाऊक द्यावा लागतो, आणि तोही सभागृहात नव्हे. जून २०२२ मध्ये तो आधी सुरतेत आणि मग गुवाहाटीत द्यावा लागला. नमुने एवढे फिरते असले की शास्त्राला मापं घेता येत नाहीत. सिनेटमधला नमुना जागेवर असतो.

आधी थोडं गणित. सिनेटमध्ये १०० सदस्य. ५०-५० अशी बरोबरी झाली तर उपाध्यक्ष निर्णायक मत देतो. उपाध्यक्ष आपला असेल तर सत्ताधारी पक्षाला नेमणुकीसाठी किंवा अर्थसंकल्पी विधेयकासाठी ५० मतं पुरतात. पक्षाचे ५२ सदस्य असतील तर दोघे बिनघोर ‘नाही’ म्हणू शकतात. ५३ असतील तर तिघे. या आकड्याला आम्ही ‘सूट-संख्या’ असं नाव देतो. सूट पक्षनेत्याच्या खिशात असते. ज्याच्या राज्यात नकाराला भाव, त्याला ती आधी मिळते.

फेब्रुवारी २०१७. ट्रम्प यांनी शिक्षणमंत्री म्हणून बेट्सी डिव्हॉस यांचं नाव पुढे केलं होतं. सार्वजनिक शाळांशी त्यांचा संबंध बेताचाच, त्यामुळे गहजब झाला. रिपब्लिकन सदस्य ५२, सूट-संख्या २. मेनच्या सुझन कॉलिन्स आणि अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की या दोन मवाळ बाईंनी विरोध जाहीर केला. तिसरा नकार कुठे सापडतो का, म्हणून डेमोक्रॅट सदस्य आदल्या दिवसापासून रात्रभर भाषणं करत बसले. तो सापडला नाही. ७ फेब्रुवारीला ५०-५० झाले, उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी मत टाकलं आणि डिव्हॉस मंत्री झाल्या. मंत्र्याच्या नेमणुकीसाठी उपाध्यक्षाला मत टाकावं लागण्याची अमेरिकेच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. अलाबामाचे जेफ सेशन्स स्वतः अ‍ॅटर्नी जनरल होणार होते. त्यांची नेमणूक दुसऱ्या दिवशी मंजूर झाली, म्हणजे हे मत टाकेपर्यंत ते सिनेटर राहिले. पंगतीत पानं इतकी मोजून मांडलेली होती.

इथपर्यंतची कथा बाणेदारपणाची आहे. शास्त्रकाराने मात्र एक आठवडा मागे जायला हवं. ३१ जानेवारीला हीच नेमणूक शिक्षणविषयक समितीपुढे होती. समितीत रिपब्लिकन १२, डेमोक्रॅट ११. दोघी बाई त्या समितीवर होत्या. एकीने जरी ‘नाही’ म्हटलं असतं तरी आकडे उलटे झाले असते, आणि ती नेमणूक समितीबाहेर काढायला नेत्यांना वेगळी खटपट करावी लागली असती. दोघींनी ‘हो’ म्हटलं. नेमणूक १२-११ ने पुढे सरकली. दुसऱ्याच दिवशी, १ फेब्रुवारीला, दोघींनी सभागृहात जाहीर केलं की अंतिम मतदानात आपण विरोध करणार. जिथे एक नकार पुरला असता तिथे होकार, आणि जिथे तीन हवेत तिथे दोन नकार. शाळेतल्या मुलाला हे त्रैराशिक घातलं तर तो बाईंची बेरीज चुकली म्हणेल. बेरीज चुकलेली नव्हती.

आता नियम मांडतो: नकार सूट-संख्येइतके उगवतात. जानेवारी २०२५ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून पीट हेगसेथ यांचं नाव आलं. रिपब्लिकन ५३, सूट ३. नकार किती? तीन: कॉलिन्स, मर्कोव्स्की आणि मिच मॅकॉनेल. ५०-५०, आणि उपाध्यक्ष व्हान्स यांचं मत. त्याच वर्षी १ जुलैला करकपात आणि मेडिकेडकपातीचं ते अगडबंब विधेयक आलं. सूट ३, नकार ३: कॉलिन्स, रँड पॉल, थॉम टिलिस. पुन्हा ५०-५०, पुन्हा व्हान्स. तिघांतल्या पॉल आणि टिलिस यांनी तीन दिवस आधी ते विधेयक चर्चेला घेण्यालाच विरोध केला होता. कॉलिन्सबाईंनी तेव्हा ‘चर्चेला घ्या’ असं मत दिलं होतं, आणि चर्चेअंती ते नापसंत केलं.

यावर पूर्वपक्षी असा आक्षेप घेईल की हे निव्वळ योगायोग आहेत. ज्याला मनापासून पटलं नाही त्याने नकार दिला, आणि बाकीच्यांना पटलं, म्हणून संख्या जुळली. आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. मनात काय होतं हे आम्हाला दिसत नाही. हृदयाचा अभ्यास हृदयरोगतज्ज्ञांनी करावा, आम्ही मतं मोजतो. पण मवाळांची मनं दर वेळी नेमकी सूट-संख्येपाशी येऊन कशी थांबतात, याचं उत्तर पूर्वपक्षाने द्यावं. आम्ही वाट पाहतो आहोत.

नियमाला एक थोर अपवाद आहे. २८ जुलै २०१७, रात्री दीडचा सुमार. ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याला कात्री लावणारं शेवटचं, लांडं विधेयक मतदानाला आलं. सूट-संख्या २, आणि कॉलिन्स-मर्कोव्स्की यांचे दोन नकार नेहमीप्रमाणे जमेस धरलेले. अ‍ॅरिझोनाचे जॉन मॅकेन मेंदूच्या कर्करोगाचं निदान होऊन जेमतेम दहा दिवस झालेले असताना सभागृहात आले. लेखनिकाच्या टेबलापुढे हात पुढे केला. व्हिएतनाममधल्या कैदेत त्यांच्या हातांची अशी दशा झाली होती की ते खांद्याच्या फार वर जात नसत. हात क्षणभर तसाच राहिला, मग अंगठा खाली गेला. समोर तेव्हाचे पक्षनेते मॅकॉनेल हाताची घडी घालून उभे. डेमोक्रॅटांच्या बाजूने टाळ्या सुरू होताच त्यांचे नेते चक शूमर यांनी हातवारे करून त्या थांबवल्या. ४९ विरुद्ध ५१. सूट दोन, नकार तीन. सबंध संहितेत एकाचा फरक.

अंगठ्याचा विषय निघालाच आहे तर त्याचीही चिकित्सा करू. ५ मार्च २०२१ रोजी बर्नी सँडर्स यांनी किमान वेतन तासाला १५ डॉलर करण्याची दुरुस्ती मांडली. अ‍ॅरिझोनाच्याच क्रिस्टन सिनेमा पुढे आल्या आणि गुडघ्यात किंचित लवून त्यांनी अंगठा खाली केला. त्या अंगठ्याची चित्रफीत जगभर फिरली. मॅकेनांची आठवण काढली गेली, कोणी संतापले, कोणी वाहवा केली. निकाल होता ४२-५८. डेमोक्रॅटांच्या गोटातल्या आठ जणांनी विरोध केला होता, आणि अर्थसंकल्पी नियमांच्या चौकटीबाहेरच्या या दुरुस्तीच्या मंजुरीला लागणार होती ६० मतं. सिनेमाबाईंनी अंगठा वर केला असता, आडवा केला असता किंवा हात खिशात घातला असता, तरी निकालात काडीचा फरक पडला नसता. राज्य तेच, अंगठ्याची दिशा तीच. उपद्रवमूल्य मात्र एकाचं अख्ख्या कायद्याएवढं आणि दुसऱ्याचं शून्य.

पण गंमत याच्या पुढे आहे. त्या एका मतदानाची नोंदवही जवळपास बारा तास उघडी ठेवावी लागली. आधुनिक सिनेटमधलं सर्वांत लांबलेलं मतदान ते हेच. सिनेमाबाईंचा अंगठा त्याला कारण नव्हता. वेस्ट व्हर्जिनियाचे जो मॅन्चिन बेरोजगार भत्त्यावर अडून बसले होते आणि त्यांची समजूत निघेपर्यंत सभागृह पुढे सरकू शकत नव्हतं. सगळा पक्ष ताटकळला, व्हाइट हाउसमधून फोन झाले, आणि शेवटी आठवड्याचा भत्ता, जो प्रतिनिधिगृहाने ४०० डॉलर ठेवला होता, तो ३०० वर आला. त्या दिवशी मॅन्चिन यांनी अंगठा दाखवल्याचं चित्र कोणाकडे नाही. खरा उपद्रव बहुधा कॅमेऱ्याबाहेर बसून चालतो.

हा मुद्दा थोडा लावून धरायला हवा, कारण सुशिक्षित वाचकाची इथे पंचाईत होते. स्वतंत्र बाण्याच्या लोकप्रतिनिधीचं आपण तोंडभरून कौतुक करतो. पण तो खरोखर आला की सहसा आपल्याला नको असलेलंच काम करतो. मॅन्चिन यांनी डिसेंबर २०२१ मध्ये एका रविवारी दूरचित्रवाणीवर बसून स्वपक्षाच्या अध्यक्षाचा सर्वांत मोठा कार्यक्रम बुडवला. पुढच्या जानेवारीत त्यांनी आणि सिनेमाबाईंनी चर्चा थांबवण्याबाबतचा सिनेटचा नियम बदलायला नकार दिला आणि मतदानहक्काचं विधेयक अडकलं. ज्यांना स्वातंत्र्य हवं होतं त्यांनीच बोटं मोडली. तेच मॅन्चिन पुढे ऑगस्ट २०२२ च्या हवामान आणि औषधदरांच्या कायद्याला तयार झाले, तेव्हा तो ५१-५० ने मंजूर झाला. आवडो न आवडो, त्यांचं मत खरं होतं, कारण त्याशिवाय पान हलत नव्हतं.

मात्र याच मॅन्चिन यांनी उपद्रवशून्य प्रकारातही एक आदर्श नमुना देऊन ठेवला आहे, आणि तो मुहूर्तशास्त्रात मोडतो. ५ ऑक्टोबर २०१८. सर्वोच्च न्यायालयासाठी ब्रेट कॅव्हनॉ यांची नेमणूक चर्चेत. कॉलिन्सबाई काय करणार याकडे देशाचे डोळे लागलेले. त्या पाऊण तास बोलल्या आणि ‘हो’ म्हणाल्या. म्हणजे नेमणूक पक्की झाली. त्यांचं भाषण संपताच मॅन्चिन यांचं निवेदन बाहेर पडलं: आपणही ‘हो’ म्हणणार. वरातीमागून घोडं म्हणतात ते इतक्या वेळेवर आलेलं क्वचितच दिसतं. महिन्याभराने त्यांची निवडणूक होती, आणि ती अशा राज्यात जिथे २०१६ मध्ये ट्रम्प ४२ टक्क्यांनी पुढे होते. अडवण्याची शक्ती संपल्यावर दिलेलं मत राज्यातल्या मतदारांना दाखवायला चालतं आणि पक्षालाही फारसं बोचत नाही. सापही मरतो, काठीही शाबूत.

दुसऱ्या दिवशीच्या अंतिम मतदानात मर्कोव्स्कीबाईंनी केलेली कृती सगळ्यांत विलक्षण. त्या कॅव्हनॉंच्या विरोधात होत्या, आणि हा विरोध खरा धरायला हरकत नाही. पण माँटानाचे स्टीव्ह डेन्स यांच्या घरी त्याच दिवशी लेकीचं लग्न. ते ‘हो’वाले. लग्नघर सोडून बापाला धावत यावं लागू नये म्हणून बाईंनी आपला नकार मागे घेऊन फक्त ‘उपस्थित’ अशी नोंद केली. ५१-४९ चे ५०-४८ झाले, फरक दोनाचा तो दोनाचाच. लोकशाहीच्या इतिहासात लग्नाच्या निमित्ताने सोडलेला हा बहुधा सर्वांत महाग नकार, आणि निकालाच्या हिशेबाने सर्वांत स्वस्त. ‘नरो वा कुंजरो वा’चा इतका सभ्य अवतार आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

मर्कोव्स्कीबाईंबद्दल आणखी लिहिणं भाग आहे, कारण स्वतंत्र होण्याची जेवढी संधी त्यांना मिळाली तेवढी कोणालाच मिळालेली नाही. २०१० मध्ये पक्षाने त्यांना प्राथमिक फेरीत पाडलं. मतपत्रिकेवर नावच नाही. त्यांनी मतदारांना सांगितलं की माझं नाव हाताने लिहा. आडनाव असं की लिहिणाऱ्याची परीक्षा व्हावी. म्हणून प्रचारात नाव छापलेले रबरी मनगटपट्टे वाटले. आणि त्या निवडून आल्या. हाताने लिहिलेल्या नावावर सिनेट जिंकणं १९५४ नंतर प्रथमच घडलं. पक्षाचा एक पैशाचा उपकार नाही. अशा माणसाने कोणाला भ्यावं? तरीही २०२५ च्या त्या अगडबंब विधेयकावर त्या आतापर्यंतच्या सगळ्या शास्त्राला चकवून गेल्या. तीन नकार झालेले होते. चौथा त्यांचा झाला असता तर विधेयक पडलं असतं. उपद्रवमूल्य शंभर टक्के. त्यांनी ते वटवलं. अलास्कासाठी सवलती घेतल्या. देवमाशांच्या पारंपरिक शिकारीवर निघणाऱ्या कप्तानांची करवजावट १०,००० डॉलरवरून ५०,००० झाली. मग ‘हो’ म्हटलं. आणि बाहेर येऊन सांगितलं की विधेयक काही नीट नाही, प्रतिनिधिगृह ते सुधारेल अशी आशा आहे. प्रतिनिधिगृहाने दोन दिवसांत एक स्वल्पविरामही न बदलता ते २१८-२१४ ने मंजूर केलं. होकार देऊन नकाराची आशा धरणं, हा या शास्त्रात नव्याने सापडलेला पोटप्रकार.

मुहूर्ताचं याहून घाऊक उदाहरण २००६ चं. न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांच्या नेमणुकीवर आधी चर्चा थांबवायची की नाही यावर मत घ्यायचं होतं, आणि तेव्हाच्या नियमानुसार ४१ जण अडून बसले तर नेमणूक तिथेच थांबली असती. ३० जानेवारीला चर्चा थांबवण्याच्या बाजूने ७२, विरोधात २५. दुसऱ्या दिवशी अंतिम मतदान: ५८-४२. नको म्हणणारे ४२, अडवायला ४१ पुरे, आणि अडवायच्या दिवशी हजर २५. आदल्या वर्षी चौदा मवाळांनी असामान्य परिस्थितीशिवाय अडवणूक करणार नाही असा करार केला होता, त्यामुळे काहींचं वागणं शब्दाला धरून होतं हे मान्य. पण बाकीच्यांना एका रात्रीत अलिटोंबद्दल असं नवीन काय कळलं, हे इतिहासाला अजून सांगता आलेलं नाही.

आणि उलट्या दिशेने पाहिलं तर? डिसेंबर २०१५ मध्ये रिपब्लिकन सिनेटने ओबामांचा विमा कायदा रद्द करण्याचं विधेयक ५२-४७ ने मंजूर केलं. अध्यक्ष ओबामाच; ते नकाराधिकार वापरणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि जानेवारीत त्यांनी तो वापरला. जुलै २०१७ मध्ये जवळपास तसंच विधेयक परत आलं, आता सही करायला ट्रम्प बसलेले. ४५-५५ ने पडलं. विरोध करणाऱ्या सात रिपब्लिकनांपैकी सहा जणांनी २०१५ मध्ये त्याला ‘हो’ म्हटलं होतं. मत खोटं होतं तेव्हा होकार, मत खरं झालं तेव्हा नकार. सातव्या कॉलिन्सबाई, त्यांनी दोन्ही वेळा ‘नाही’ म्हटलं. त्या आमच्या प्रबंधाच्या नायिका असल्या तरी हे श्रेय त्यांचं त्यांना दिलंच पाहिजे. पुढे डिसेंबरात त्यांनी करकपातीच्या विधेयकाला होकार दिला, ज्यात त्याच विमा कायद्यातला दंड शून्यावर आणला होता. बदल्यात विमाबाजार सावरणारी दोन विधेयकं मंजूर करून घेऊ असं आश्वासन त्यांना मिळालं होतं. ती कधीच कायदा झाली नाहीत.

चिंतेचा उल्लेख केल्याशिवाय कॉलिन्सबाईंचं प्रकरण पुरं होत नाही. १९९७ पासून त्यांनी एकही नोंदणीकृत मतदान चुकवलेलं नाही. ८,००० चा टप्पा केव्हाच मागे पडला. एवढी हजेरी लावणाऱ्या बाईंना चिंता वाटणं स्वाभाविक आहे, आणि ती त्या वेळोवेळी व्यक्त करतात. अमेरिकेत त्यांच्या चिंतेवर विनोदी कार्यक्रम पोसले गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये महाभियोगात ट्रम्प यांना निर्दोष ठरवताना त्या म्हणाल्या की अध्यक्षांना यातून मोठा धडा मिळाला आहे. त्यावर ट्रम्प यांनी लगेच सांगितलं की आपला तो फोन अगदी निर्दोष होता. मग बाईंनी दुरुस्ती केली: धडा मिळावा अशी आपली आशा आहे, असं म्हणायला हवं होतं. आशा आणि चिंता यांचं मोजमाप करणारं यंत्र अजून निघालेलं नाही, म्हणून हा विभाग इथेच थांबवतो.

महाभियोगाच्या याच मतदानाने आम्हाला पहिल्या सूत्राखाली एक टीप जोडायला लावली. मिट रॉम्नी यांनी एका आरोपावर ट्रम्प यांना दोषी ठरवलं. स्वपक्षाच्या अध्यक्षाला महाभियोगात दोषी ठरवणारा हा पहिला सिनेटर. निकाल त्याने बदलला नाही. ५२-४८ ने सुटका झाली. म्हणजे व्याख्येप्रमाणे नकार उपद्रवशून्य. पण फुकट मात्र नव्हता. २००२ मध्ये इराक युद्धाला विरोध करणारे एकमेव रिपब्लिकन सिनेटर लिंकन शेफी. तो ठराव ७७-२३ ने मंजूर झाला, त्यांच्या मताने एक बंदूकही अडली नाही. १९५० मध्ये मेनच्याच मार्गारेट चेस स्मिथ (कॉलिन्सबाई आज बसतात ती जागा त्यांचीच) स्वपक्षाच्याच सिनेटर मॅकार्थींच्या विरुद्ध उभ्या राहिल्या. भाषण पंधरा मिनिटांचं. मॅकार्थींनी त्यांना महत्त्वाच्या उपसमितीतून काढून तिथे निक्सन यांना आणलं. निष्फळ पण महाग, असा हा वर्ग वेगळा ठेवावा लागतो. निकाल बदलला का, हा एकच प्रश्न पुरत नाही. दुसऱ्या दिवशी काय गेलं, हेही विचारावं लागतं. डिव्हॉस प्रकरणात दोघी बाईंचं काही गेलं नाही.

उलट फार गाजलेलं मतही तपासून घ्यावं. १८६८ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरच्या महाभियोगात कॅन्ससच्या एडमंड रॉस यांनी पक्षाची बाजू सोडून सुटकेच्या बाजूने मत दिलं. दोषी ठरवायला ३६ हवे होते, झाले ३५. शतकभर रॉस हुतात्मा म्हणून गाजले. केनेडींनी धीरोदात्त सिनेटरांवरच्या पुस्तकात त्यांना मानाचं पान दिलं. इतिहासकार मात्र सांगतात की गरज पडली असती तर आणखी काही जण सुटकेच्या बाजूने यायला तयार होते. राखीव मतं खिशात होती. आणि मतदानानंतर रॉस आपल्या माणसांना नोकऱ्या द्या म्हणून जॉन्सन यांच्याकडे चिठ्ठ्या पाठवत राहिले. धैर्य थोर खरं, पण त्याची वसुली चालू होती.

आपल्या माणसाचाही इथे एक लहानसा संबंध लागतो. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार, ज्यांचं मराठी आत्मचरित्र बऱ्याच जणांनी वाचलं आहे, ते आज मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात बसतात. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचे सात आरोप मांडले आणि मे महिन्यात त्यावर मतदान घ्यायला लावण्याची तयारी केली. स्वपक्षीयांनाच ते अवघड जाणार होतं, तेव्हा १४ मे रोजी त्यांनी आग्रह सोडला. नकाराचं शास्त्र मराठी माणसाला परकं नाही, एवढंच नोंदवायचं होतं.

आता उरलं ते एकच मत, आणि सगळा ग्रंथ त्यासाठीच लिहिला. सिनेटर वर्षभरात शेकडो मतं देतो, पण पहिल्याच दिवशी तो कोणत्या बाजूला बसतो यावरून बहुमत ठरतं, बहुमतावरून नेता, आणि नेत्यावरून कोणतं विधेयक पटलावर येणार आणि कोणतं कधीच येणार नाही. हे मत मथळ्यात नसतं. ऱ्होड आयलंडच्या मतदारांना ते कळलं. त्यांचे सिनेटर शेफी २००४ मध्ये स्वपक्षाच्या धाकट्या बुशना मत देईनात. त्यांनी मतपत्रिकेवर थोरल्या बुशचं नाव लिहिलं. अलिटोंना अंतिम मतदानात विरोध करणारे ते एकमेव रिपब्लिकन होते (आदल्या दिवशी चर्चा थांबवायला हातभार लावून). राज्यात त्यांच्याबद्दल लोकांना आदर होता. नोव्हेंबर २००६ मध्ये त्याच लोकांनी त्यांना पाडलं, आणि सिनेट ५१-४९ ने डेमोक्रॅटांकडे गेली. लोकांचा राग शेफींच्या बाकीच्या मतांवर नव्हता, त्या पहिल्या मतावर होता.

ते मत खरोखर फिरवणारा आमच्या नोंदवहीत एकच आहे: व्हरमाँटचे जिम जेफर्ड्स. २००१ मध्ये सिनेट ५०-५० होती आणि उपाध्यक्ष चेनींच्या मतावर रिपब्लिकनांचं बहुमत होतं. जेफर्ड्स यांना अपंग मुलांच्या विशेष शिक्षणाला केंद्राकडून पुरेसा पैसा हवा होता. करकपातीच्या वाटाघाटीत तो मिळेना. वर क्षुल्लक गोष्टींची भर पडली: व्हरमाँटच्या एका शिक्षिकेचा व्हाइट हाउसमध्ये सत्कार झाला त्याचं आमंत्रण शिक्षण समितीच्या या अध्यक्षांना नव्हतं, आणि त्यांच्या राज्यातल्या दूधवाल्यांच्या दरकरारावर संक्रांत येणार अशी कुजबुज होती. २४ मे रोजी त्यांनी पक्ष सोडला. जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रेंट लॉट यांच्या जागी टॉम डॅशल बहुमताचे नेते झाले, सगळ्या समित्यांचे अध्यक्ष बदलले. एका माणसाने कोणताही अंगठा न दाखवता अख्खी सिनेट फिरवली.

दूधवाल्यांचा करार ३० सप्टेंबरला संपला आणि त्याला मुदतवाढ मिळाली नाही. वर्षअखेरीच्या मोठ्या शिक्षण कायद्यात विशेष शिक्षणाचा पैसा आला नाही, म्हणून जेफर्ड्स यांनी त्या कायद्याविरुद्ध मत दिलं. तो प्रचंड बहुमताने मंजूर झाला. विशेष शिक्षणाच्या जादा खर्चाचा ४० टक्क्यांपर्यंतचा वाटा केंद्र उचलेल, असं १९७५ च्या कायद्यात लिहिलेलं आहे. तो झाला तेव्हा जेफर्ड्स नुकतेच प्रतिनिधिगृहात आले होते. तो वाटा केंद्राने आजवर एकाही वर्षी पुरा दिलेला नाही.